‘आ करा’ म्हणणारं माणूस



या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एका ज्येष्ठांचा फोन आला. फार अदबीने विचारलं, "मॅडम, दातांवर एक तास?" मी म्हटलं, "नाना, तुमच्या तोंडात किती उरलेत?" ते हसले आणि म्हणाले, "या तुम्ही." नाना समोरच बसलेत. आकडा मी सांगणार नाही.

नानांच्या शंकेमागची भावना मात्र माझ्या ओळखीची आहे. डोळ्यांची शिबिरं होतात, हृदयाची होतात, रक्तदानाचे तर पुढाऱ्याच्या वाढदिवसाला फलक लागतात. दातांचं काय? दात पडले की लोक म्हणतात, वय झालं. चाळिशीतल्या बाईचे पडले तरी म्हणतात, वय झालं. ‘चणे आहेत तर दात नाहीत’ असं आपण चेष्टेत म्हणतो. सातपुड्याच्या पायथ्याशी ती चेष्टा नाही. कळण्याची भाकरी चावता येत नाही म्हणून ती डाळीच्या पाण्यात भिजवून गिळणारी पन्नाशीची माणसं माझ्याकडे येतात. हिवाळ्यात आपल्याकडे शेताशेतांत भरिताच्या पार्ट्या होतात. भरीत मऊ, म्हातारी माणसं आवडीने खातात. पण त्यातले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप ती हळूच ताटाच्या कडेला सारतात. या वर्षी लक्ष ठेवून बघा.

आणि हे फक्त आपलं दुखणं आहे असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली सगळ्या जगाच्या तोंडाचा हिशेब मांडला. तोंडाचा काही ना काही आजार असलेली माणसं सुमारे 350 कोटी, म्हणजे जगातली जवळजवळ निम्मी. कायमचे दात किडलेले आहेत आणि उपचार झालेला नाही अशी सुमारे 200 कोटी. एवढा पसरलेला दुसरा रोग नाही, आणि एवढा दुर्लक्षित रोगही शोधावा लागेल.

आता मला एका माणसाची दाढ दुखवू द्या. चोपडा तालुक्यात वैजापूरच्या वर, सातपुड्यात, एखाद्या पाड्यावरचा पावरा तरुण धरू. दाढ ठणकायला लागली. पहिल्या रात्री लवंग. दुसऱ्या रात्री तंबाखूची गोळी करून दाढेत दाबायची, हा तर गावोगावचा इलाज. मग किराणा दुकानातली दुखण्याची गोळी; दुकानदार पुडीत दोन बांधून देतो, कसली ते विचारायचं नाही. मग आठवडे बाजार. तिथे चटईवर ॲक्रिलिकचे दात मांडून बसलेला दातवाला असतो. तो हलणारा दात उपटतो, आणि हौस असेल तर शेजारच्या दाताला चिकटवून नवा बसवतो. ज्या चिमट्याने काल दुसऱ्याचा दात काढला तोच चिमटा, पाण्यात बुचकळून. तेवढ्यानेही भागलं नाही तर शेवटी चोपडा. तिथे डॉक्टर सांगतात, दाढ वाचेल, पण रूट कॅनॉल करावं लागेल. दोन-तीन वेळा यावं लागेल, वर कॅप बसवावी लागेल. प्रत्येक खेपेला गाडीभाडं, प्रत्येक खेपेला बुडालेली मजुरी, आणि कॅपचे पैसे वेगळे. तो मान हलवतो आणि म्हणतो, "काढी टाका."

आम्ही काढून टाकतो. मी स्वतः अशा किती दाढा काढल्या असतील! ज्या वाचल्या असत्या, ज्या पैसेवाल्या माणसाच्या तोंडात असत्या तर आम्ही त्या वाचवल्याच असत्या. गरिबाचा दात निघतो, श्रीमंताचा वाचतो. रोग एकच, कीडही तीच, तरी उपचार दोन. आणि कोणता मिळणार ते खिशाकडे पाहून ठरतं. यापुढे कधी कोणी म्हणालं की दातांच्या बाबतीत जातपात, गरीब-श्रीमंत काही नसतं, तर त्याला फक्त ‘आ’ करायला सांगा.

निदान दाढ निघाली तर जीव तरी वाचतो. न निघता आत पू साठत राहिला, जबड्याखालून गळ्यात उतरला, तर सूज श्वासाची वाट अडवते. दाढेने माणूस मरतो का? मरतो. फक्त त्याच्या दाखल्यावर दाढ असं लिहिलेलं नसतं.

यावर सगळ्यांना सुचणारं पहिलं उत्तर एकच: दंतवैद्य वाढवा. हे उत्तर जरा तपासू. 1946 साली देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला, तेव्हा अखंड हिंदुस्थानात साधारण 3 लाख लोकांमागे एक शिकलेला दंतवैद्य होता. 2011च्या जनगणनेत जळगाव जिल्हा 42 लाखांच्या वर आणि धुळे 20 लाखांच्या वर. भोर समितीच्या काळातल्या प्रमाणाने जळगावच्या वाट्याला 14 दंतवैद्य आले असते, धुळ्याच्या वाट्याला 7 सुद्धा नाहीत. आज काय आहे? जळगाव शहरातल्या दोन-तीन रस्त्यांवर 14 पाट्या सहज मोजता येतील. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत. आपल्या धुळ्यात अण्णासाहेब चुडामण पाटील स्मृती दंत महाविद्यालय आहे. दरवर्षी मुलं-मुली पदवी घेऊन बाहेर पडतात, त्यातली कितीतरी इथेच क्लिनिकसाठी गाळा शोधत फिरतात. मग दंतवैद्य कमी आहेत का? अजिबात नाहीत. ते जळगावात आहेत, धुळ्यात आहेत, भुसावळ, अमळनेर, चाळीसगावात आहेत. वैजापूरला नाहीत, पालला नाहीत, बोराडीच्या वरच्या पाड्यांवर नाहीत.

आणि जाणारही नाहीत. त्यांना शिव्या घालून उपयोग नाही. दातांच्या डॉक्टरला नुसता स्टेथोस्कोप गळ्यात घालून खेड्यात जाता येत नाही. खुर्ची लागते, कॉम्प्रेसर लागतो, एक्स-रे लागतो, आणि हे सगळं कर्जावर घ्यावं लागतं. हप्ता फेडायला पैसे देणारे रुग्ण हवेत, आणि कॉम्प्रेसर चालायला न जाणारी वीज. पाड्यावर हे गणित बसत नाही. आणखी दहा कॉलेजं काढली तरी बसणार नाही. फार तर जळगावच्या रस्त्यावर पाट्या वाढतील.

सरकारने काहीच केलं नाही असंही म्हणता येणार नाही. 2014 पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आहे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतविभाग आले, काही ठिकाणी उत्तम काम चाललं आहे. काही ठिकाणी मात्र खुर्ची आहे तर डॉक्टर नाही, डॉक्टर आहे तर कॉम्प्रेसर महिनोन्महिने बंद. अशा एका खुर्चीवर मी औषधांची खोकी रचलेली पाहिली आहेत. गाव सांगत नाही. 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्याची पथकं शाळाशाळांत जातात, मुलांची तोंडंही तपासतात. किडलेले दात कागदावर येतात. पुढे काय? पुढे चिठ्ठी. चिठ्ठी घेऊन मुलगा घरी, बाप कापूस वेचायला, चिठ्ठी दप्तरात.

इथे थोडं थांबून मी तुम्हाला मिशरीकडे नेते, कारण खानदेशातल्या बायकांच्या तोंडाबद्दल मिशरी टाळून बोलता येत नाही.

पुरुष मंडळींनी मिशरी भाजताना फारशी पाहिली नसेल. तंबाखू तव्यावर किंवा खापरावर टाकायची, मंद आचेवर काळी होईपर्यंत भाजायची. धूर असा निघतो की शेजारच्या घरातली पोरं ठसकतात. मग ती हाताने चुरून भुकटी करायची आणि डबीत भरायची. सकाळी घरामागे, दगडावर बसून, तर्जनीने ती दातांवर घासायची. घासणं पाच मिनिटांत होतं, पण बाई उठत नाही. मिशरी तोंडात, नजर लांब, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. दिवसभरात तेवढाच वेळ तिचा स्वतःचा असतो, हे विसरून तिला ‘सोड’ म्हणणं सोपं आहे. बोटाचं पेर काळं पडलेलं असतं. हात हातात घेतला की मला विचारावं लागत नाही. सुरुवात कशी झाली विचारलं तर दहांतल्या आठ जणी हेच सांगतील: दाढ दुखत होती, सासूने दिली. दुखणं बधिर झालं, सवय लागली, हिरड्या मागे सरल्या, दात हलायला लागले, दुखणं वाढलं, म्हणून मिशरी वाढली.

2016-17च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यांतले बहुतेक धूर न काढता: तंबाखू-चुना, मिशरी, गुटखा. 2012 पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे. बंदी आहे आणि पुडीही आहे. शेजारी दोन राज्यांच्या सीमा आहेत, अधिक काय बोलायचं? गुटखा आणि सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ होते. तीन बोटं उभी मावतील एवढं उघडणारं तोंड दोन बोटांवर येतं, मग एकावर. अशी पोरं मी पाहते, वय वीस-बावीस.

मुंबईतल्या गरोदर बायकांच्या एका मोठ्या अभ्यासात, 2004 सालच्या, तंबाखू-मिशरी घेणाऱ्यांची बाळं इतरांपेक्षा सरासरी शंभरेक ग्रॅमने हलकी निघाली. आता ही आकडेवारी कोणाच्या कामाची आहे? दातांच्या डॉक्टरच्या? की त्या आशाताईच्या, जी बाळंतिणीच्या घरी जाऊन झोळीच्या काट्यावर बाळ तोलते आणि वजन कमी भरलं की चिंतेत पडते? तोंड आणि शरीर असे दोन विभाग आम्ही कॉलेजात केले. पाड्यावर ते एकच असतं.

आता आशांकडे वळू. 2005 मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आशा, म्हणजे गावातल्याच आरोग्य स्वयंसेविका, आल्या. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, आदिवासी भागात वस्तीगणिक. आज महाराष्ट्रात त्या सत्तर हजारांहून अधिक आहेत. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा सन्मान केला. पण ही कल्पना दिल्लीत जन्मली असं समजू नका. 1970 साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला गेलं. गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर, बऱ्याचदा दलित बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं, आणि नुसतं एकदा शिकवून सोडलं नाही. त्या पुन्हा पुन्हा जामखेडला येत, अनुभव सांगत, नवं शिकत. लोक हसले होते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, न्यूमोनिया ओळखायला आणि इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. 1999 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि 2011 पासून घरी जाऊन बाळ तपासण्याचं ते काम देशभरच्या आशांकडे आलं. बाळाला इंजेक्शन देणाऱ्या खेड्यातल्या बाईला पाहून तेव्हाच्या डॉक्टरांना काय वाटलं असेल, याची कल्पना मला आहे. आम्हा डॉक्टरांना काय वाटतं ते मला चांगलं ठाऊक असतं.

आपल्या जुन्या पश्चिम खानदेशातलं एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. नंदुरबार जिल्ह्यात, नर्मदेच्या फुगवट्याच्या काठावर चिमलखेडी. 2020 मध्ये करोनाच्या भीतीने बायका अंगणवाडीत येईनात, तेव्हा तिथल्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी मच्छीमाराची होडी मागून घेतली. रोज सुमारे 18 किलोमीटर वल्हवत त्या काठावरच्या वस्त्यांत जात, बाळांची वजनं घेत, गरोदर बायकांना आहार पोचवत. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, कौतुक झालं. मला त्या कौतुकाची थोडी भीती वाटते. बाई होडी वल्हवते म्हणून टाळ्या वाजवायच्या, की तिथे सरकारी होडी का नव्हती म्हणून विचारायचं?

तर प्रश्न असा: जी बाई बाळ तोलू शकते, मलेरियासाठी रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊ शकते, ती तोंडात बघू शकणार नाही का?

बघू शकते. पुरावा केरळचा आहे. 1996 मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात तोंडाच्या कर्करोगाची मोठी तपासणी सुरू झाली. तपासणारे डॉक्टर नव्हते. पदवीपर्यंत शिकलेले, प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते होते. हत्यार एकच, डोळे आणि चांगला उजेड. घरोघर जाऊन गालाच्या आत, जिभेखाली, हिरडीवर बघायचं: पांढरा चट्टा, लाल चट्टा, न भरणारी जखम. संशय आला तर डॉक्टरकडे. 2005 मध्ये निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्या लोकांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. कुठलंही महागडं यंत्र नाही. कोणीतरी दारात येऊन ‘आ करा’ म्हणालं, एवढंच.

आपल्याकडे आज आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरते. सी-बॅक म्हणतात त्याला. त्यात तोंडाचे प्रश्न आहेत: तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा चट्टा आहे का. एका फॉर्मचा मोबदला 10 रुपये. प्रश्न विचारला जातो, उत्तर लिहिलं जातं, तोंडात मात्र बघितलं जात नाही. मिशरीवाली बाई कशाला सांगेल, हो बाई, मला चट्टा आहे? तिने आरशात कधी गालाची आतली बाजू पाहिली आहे?

म्हणजे बघणारे डोळे आपल्याकडे आहेत, त्यांना टॉर्च आणि शिक्षण द्यायचं आहे. तालुक्याला खुर्ची आहे, ती चालू ठेवायची आहे. पण या दोहोंच्या मध्ये काय आहे? काही नाही. जिना आहे, खालची पायरी आहे, वरची आहे, मधल्या पायऱ्याच काढून टाकल्या आहेत, आणि पाड्यावरच्या माणसाला आपण सांगतो, उडी मार. आजच्या व्याख्यानात मला सांगायचं आहे ते हेच. आपल्याला मधला माणूस हवा: डॉक्टर नसलेला, पण तोंडात हात घालू शकणारा.

असा माणूस कायद्याला नवा नाही. 1948च्या दंतवैद्यक कायद्यात दंतवैद्यांबरोबर आणखी दोघांची नोंद झाली: कवळ्या करणारा डेंटल मेकॅनिक, आणि दात साफ करणारा, लोकांना तोंडाची काळजी शिकवणारा डेंटल हायजिनिस्ट. हायजिनिस्टचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. या सभागृहात किती जणांनी हायजिनिस्ट पाहिला आहे? दोन हात. त्यातला एक माझ्या विद्यार्थ्याचा आहे, तो धरायचा नाही. पाऊणशे वर्षांपूर्वी कायद्याने जागा करून ठेवली आणि आम्ही ती भरलीच नाही.

दुसरीकडे भरली. पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडमध्ये भरतीला आलेल्या जवानांचे दात इतके किडलेले निघाले की सरकार हादरलं. 1921 मध्ये त्यांनी तरुण मुलींना दोन वर्षं शिकवून शाळाशाळांत नेमायला सुरुवात केली. त्या दात भरत, दुधाचे दात काढत. तिथल्या काही दंतवैद्यांनी विरोध केला. पोरांनी त्या शाळेतल्या दवाखान्यांना खाटीकखाना छापाची टोपणनावं दिली, हेही सांगते. पोरं सगळीकडे सारखीच. पण योजना टिकली, आणि पुढे अनेक देशांनी उचलली. अलास्काचं उदाहरण आपल्या अधिक जवळचं आहे. बर्फाळ प्रदेश, आदिवासी वस्त्या, कित्येक ठिकाणी फक्त विमानाने जाता येतं. 2003 मध्ये तिथल्या आदिवासी आरोग्य संघटनेने आपल्याच वस्त्यांतली मुलं-मुली न्यूझीलंडला शिकायला पाठवली. ती परत येऊन दात भरू लागली, तर अमेरिकेच्या दंतवैद्यांची संघटना कोर्टात गेली. 2007 मध्ये कोर्टाने आदिवासींच्या बाजूने निकाल दिला. मला त्यातलं भावलं ते हे, की शिकायला गेली ती त्याच वस्त्यांतली माणसं. परतल्यावर बदली मागायला त्यांना दुसरं गावच नव्हतं.

आता आपल्याकडे हा मधला माणूस काय करेल? समजा यावल तालुक्यातली बारावी झालेली तडवी किंवा पावरा मुलगी आहे. धुळ्याच्या कॉलेजात दोन वर्षं शिकून आली, प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमली, आणि आठवड्यातले चार दिवस उपकेंद्रांवर जाते. तिला ड्रिल लागत नाही, वीज लागत नाही. 1980च्या दशकात टांझानियात एक पद्धत निघाली, ए.आर.टी. म्हणतात. मूल बाकावर आडवं निजवायचं, डोकं आपल्याकडे. छोट्या चमच्यासारख्या हत्याराने किडीचा मऊ भाग खरवडून काढायचा; तो ओल्या भुशासारखा सुटून येतो, आणि तेवढाच काढायचा. मग पावडर आणि द्रव कागदी पॅडवर घोटायचा, गोळा खळग्यात भरायचा, बोटाला व्हॅसलिन लावून अर्धा मिनिट दाबून धरायचा. बहुतेक वेळा इंजेक्शनसुद्धा लागत नाही. तेवढंही शक्य नसेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा एक थेंब. लहान ब्रशने किडीवर लावला की कीड थांबते. दात तिथे काळा पडतो, हे आईला आधी सांगावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी भांडण. हा थेंब आणि ते भरण्याचं सिमेंट, दोन्ही 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत घातलं.

यावर माझ्याच व्यवसायातले मित्र काय म्हणतात? "अर्धशिक्षित हात तोंडात गेले तर कावीळ पसरेल." भीती खरी आहे. हत्यारं निर्जंतुक झालीच पाहिजेत, आणि त्यासाठी आरोग्य केंद्रात ऑटोक्लेव्ह असतो. पण आज त्या तोंडात कोणाचे हात जातात? आठवडे बाजारातल्या दातवाल्याचे. त्याच्याविरुद्ध आम्ही कधी मोर्चा काढला? "मग आमच्या बेकार पोरांना नेमा की," असंही म्हणतात. जरूर नेमा! ग्रामीण रुग्णालयातली प्रत्येक दंतशल्यचिकित्सकाची जागा भरा, कंत्राटी नको, कायम भरा, आणि या मुलीच्या कामावर देखरेख त्याच्याकडे द्या. दोघं मिळून काम आहे. एकट्या डॉक्टरने पाड्यावर जायचं म्हटलं तर आठवड्यातले दोन दिवस जीपमध्येच जातील.

पण एक गोष्ट मी या व्यासपीठावरून मोठ्याने सांगते. हे काम आशांच्या गळ्यात फुकट बांधू नका. 2 ऑक्टोबर 1977 रोजी देशात जनस्वास्थ्य रक्षक योजना सुरू झाली. तीन महिन्यांचं शिक्षण, महिना 50 रुपये. बहुतेक पुरुष नेमले गेले, पाठीशी कोणी उभं राहिलं नाही, आणि योजना विरून गेली. आज आशाताई लसीकरणाला मुलं आणते, क्षयाच्या गोळ्या देते, कुष्ठरोगाचं सर्वेक्षण करते, कार्डं काढून देते, आणि हे सगळं मोबाईलमध्ये भरते, बऱ्याचदा स्वतःच्या रिचार्जवर. 2023च्या दिवाळीच्या तोंडावर आणि पुन्हा 2024च्या सुरुवातीला राज्यभरच्या आशा संपावर गेल्या, आझाद मैदानात बसल्या, तेव्हा कुठे मोबदल्यात दरमहा 5,000 रुपयांची वाढ पदरात पडली. अशा बाईच्या हातात टॉर्च द्यायचा असेल तर टॉर्चबरोबर पैसे द्या. तोंड तपासलं त्याचे वेगळे, आणि संशयित रुग्ण सिव्हिलपर्यंत पोचवला त्याचे वेगळे. तिने फक्त बघायचं आणि पाठवायचं. हात घालायचं काम दुसरीचं.

दोन ठिकाणं मला अगदी तातडीची वाटतात. एक, आश्रमशाळा. यावल आणि धुळे आदिवासी विकास प्रकल्पांच्या आश्रमशाळांत शेकडो मुलं राहतात, तीन वेळा तिथेच जेवतात. सकाळी नळावर रांग असते, हातात कोळसा नाहीतर नुसतं बोट. फिलिपाइन्समध्ये शाळांनी एक साधी गोष्ट केली: रोज ठरलेल्या वेळी, सगळ्या मुलांनी एकत्र, शिक्षकांसमोर फ्लोराइडच्या पेस्टने दात घासायचे, हात धुवायचे. वाटाण्याएवढी पेस्ट. यासाठी डॉक्टर कशाला हवा? हवी नळांची लांब रांग, आणि प्रत्येकाचं नाव लिहिलेला ब्रश टांगायला खुंटी. पाणी नसेल तर माझी सगळी योजना तिथेच संपते, हेही मान्य करते.

दुसरं, ऊसतोड. धुळे, नंदुरबार, चाळीसगाव, पारोळा भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक भरून माणसं गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. सहा महिने ना आशा, ना अंगणवाडी, ना शाळा. पहाटे अंधारात बायका फडात जातात, पोर रडू नये म्हणून बाटलीत साखरेचा चहा. त्या मुलांचे पुढचे चारही दात हिरडीलगत किडून गेलेले असतात, आणि दात दुखणारं मूल जेवत नाही, वजन उतरतं, मग कुपोषणाच्या यादीत नाव येतं. त्यांच्यासाठी पोळ्यानंतर, मुकादमाची उचल हातात पडते त्याच दिवसांत, गावात तपासणी झाली पाहिजे. मार्चमध्ये शिबिर भरवून काय उपयोग? मार्चमध्ये शिबिर का भरतं हे सगळ्या अधिकाऱ्यांना माहीत आहे. निधी 31 तारखेला संपवायचा असतो.

यातलं काही जिल्हा नियोजन समितीच्या आणि आदिवासी उपयोजनेच्या पैशातून एका तालुक्यात उद्या सुरू करता येईल. माझी सूचना चोपडा किंवा शिरपूरची. दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे, वर सातपुडा आहे, आणि धुळ्याचं कॉलेज फार लांब नाही. सहा मुली निवडायच्या, स्थानिक बोली बोलणाऱ्या. त्यांना शिकवायला मी येईन, इथे बसलेले आणखी चार दंतवैद्यही येतील; त्यांना मी अजून विचारलेलं नाही, पण आता सर्वांसमोर नाही कसं म्हणतील?

वेळ संपत आली आहे, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. प्रश्नोत्तरांना सुरुवात करू. माईक आधी मागच्या रांगेत द्या. तिथे यावल-चोपड्याच्या गटप्रवर्तक आणि आशाताई बसल्या आहेत. मी आत्ता जे मागितलं त्यातलं किती जमण्यासारखं आहे आणि किती नाही, ते त्यांच्याकडून ऐकायचं आहे. डॉक्टरांचे प्रश्न नंतर घेऊ.